उंबरठ्याबाहेरची शेगडी

साठी उलटली की माणसं गुडघे धरून बसतात. माझ्या काकूने चिमटा धरला. तोही स्वयंपाकघरातला वीतभर चिमटा नाही, अंगणातला, हातभर लांब, जाड लोखंडाचा. त्या दिवसापर्यंत त्या चिमट्याला काकांशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता आणि लागेल असं कुणाला वाटलंही नव्हतं.

मी तिच्या दिराची मुलगी. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची नोकरी लागली म्हणून तात्पुरती त्यांच्याकडे राहायला आले आणि तिथलीच होऊन गेले. माझ्या अंगात धीर कमी. कुणी माझ्यासमोर सावकाश कुलूप उघडायला लागलं तरी किल्ली हिसकावून घ्यावीशी वाटते. अशा माणसाला काकूच्या घरात राहायला मिळावं, ही वरच्याची थट्टाच म्हणायची, कारण काकू कधी घाई करत नाही.

ती ताडपत्र्या शिवते. रस्त्याकडेच्या खोलीत तिचं मोठं मशीन आहे. ट्रकच्या सीटची कव्हरं, दुकानांपुढची छतं, टेम्पोवरची झाकणं, सगळं मेण लावलेल्या दोऱ्याने. बोलणं मोजकं. कान मात्र असे तिखट की मशीन चालू असताना कोपऱ्यावर कुणाचा टेम्पो वळला ते मान वर न करता सांगेल. घरातल्या तिच्या रीती ठरलेल्या. सुरी धुतली की लगेच पुसायची. मिठाच्या डब्यात ओला चमचा घालायचा नाही. मी आल्या आल्या तिच्या बिडाच्या तव्याला साबण लावला होता, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताडपत्रीची सुई दुसऱ्या कशाला वापरलेली दिसली तर घर डोक्यावर घेणार नाही, पण असं बघेल की आपणच सुई पुसून जागेवर ठेवावी.

काका वेल्डर. गल्लीत त्यांना ठिणगी म्हणत. कामामुळे पडलेलं नाव, पण स्वभावालाही चपखल बसायचं. चटकन पेटणार, मोठ्याने बोलणार, त्याहून मोठ्याने हसणार. मागच्या अंगणात त्यांची शेगडी होती. तेलाचं पिंप उभं चिरून, त्याला नळाच्या पाइपाचे चार पाय जोडून त्यांनी ती स्वतः बनवली होती, आणि वरची जाळीही स्वतःच, सळी सळी जोडून. जाळी वर्षानुवर्षांच्या तेलाधुराने काळी कुळकुळीत झाली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी काका कोळसा पेटवत आणि दुपारपर्यंत अर्धी गल्ली अंगणात जमे. ज्याने त्याने आपापलं आणायचं. कुणी कोंबडी, कुणी मासे, कुणी नुसते कांदे आणि वांगी. भाजायचं मात्र काकांनीच. शेजारचे गवंडीमामा रिकाम्या हाताने येत आणि सगळ्यांत जास्त खात. "मी सल्ला आणलाय," असं म्हणत.

काका आणि काकू यांच्यात लग्नाच्या पहिल्या वर्षीच वाटणी झाली होती. "उंबरठ्याच्या आत तू, बाहेर मी," असं काका म्हणाले होते म्हणे, आणि दोघांनी ते पाळलं. काकू मसाला वाटून वाडगा उंबरठ्यावर ठेवी. काका तो तिथून उचलत. शेगडीला काकूने कधी हात लावला नाही आणि काकांना चहाचं आधण कुठल्या भांड्यात ठेवतात ते माहीत नव्हतं.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. वर्कशॉपमध्येच. वेळेवर दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागला आणि जीभ जड झाली. शब्द यायचे, पण एकेक करून, अडखळत, कडेने घसरत. एवढं मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला ते सहन होईना. दवाखान्यातून घरी आले ते मागच्या खोलीतल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घेत. गवंडीमामा दोनदा आले, तिसऱ्यांदा उंबरठ्यावरूनच परत गेले. बाहेर जाताना डोळे पुसत होते.

व्यायाम शिकवायला एक डॉक्टरीणबाई येत. त्यांनी काकूला स्पष्ट सांगितलं. "हात अजून गेलेला नाही. वापरला तर परत येईल, बराचसा येईल. पण हे पहिले काही महिनेच खरे. असेच पडून राहिले तर हात कायमचा जाईल, आणि हाताबरोबर माणूसही." त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. काका तो डाव्या हाताने कॉटखाली ढकलून देत. काकू वाकून काढी, पुसून परत उशाशी ठेवी. ते पुन्हा ढकलत. मी असते तर दोघांपैकी एकाच्या डोक्यात तो चेंडू घातला असता.

शेगडीवर काकूने ताडपत्रीचं झाकण शिवून घातलं होतं, कोपऱ्यांना कड्या लावून, पक्कं. मला ते बघवत नसे. एखाद्यावर चादर ओढावी तसं दिसे ते.

एका सुट्टीच्या सकाळी बघते तर काकूने ते झाकण काढलेलं, पदर खोचलेला आणि हातात तो हातभर चिमटा.

"काकू, हे काय?"

"कोळसा पेटवते."

"तुला येतो?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर पेटवते."

पहिल्या दिवशी जे झालं त्याला स्वयंपाक म्हणणं म्हणजे स्वयंपाकाचा अपमान. ती आयुष्यभर गॅसवर रांधत आलेली बाई. तिच्या लेखी विस्तव म्हणजे ज्योत, आणि ज्योत जितकी मोठी तितकं काम लवकर. तिने कागद, काटक्या, कोळसा असा ढीग रचला, पेटवला, सुपाने वारा घातला आणि जाळ हातभर वर आल्याबरोबर कोंबडीच्या तंगड्या जाळीवर टाकल्या. चरबी खाली ठिबकली, जाळ आणखी उसळला. धूर तर असा झाला की शेजारच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं धुणं आत गेलं. गवंडीमामा वासावर आले. त्यांनी एक तंगडी उचलून उलटसुलट पाहिली.

"वहिनी, बाहेरून राख झालीय आणि आतून कोंबडी अजून जिवंत आहे."

"खा की मग, पळून जायच्या आत," काकू म्हणाली.

मागच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. ती सताड उघडी राहिली होती आणि सगळा धूर आत काकांवर जात होता. मी लावून घ्यायला निघाले, तर काकू म्हणाली, "राहू दे, अडकते ती." मी चिडले. माणूस आजारी, आणि ही त्याला धुरी देतेय. आतून खोकला ऐकू येत होता.

पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. काकू जाळावर कांदे ठेवी आणि कांदे जळत, मग मासे ठेवी आणि मासे जळत. त्या दिवशी ती सुपाने वारा घालत असताना खिडकीतून आवाज आला. खरखरीत, एकेक शब्द तोडून.

"जाळ... बसू... दे."

मी जागच्या जागी थबकले. किती आठवड्यांनी तो आवाज ऐकला होता. काकूने मात्र सूप थांबवलं नाही.

"काय म्हणालात? इथून ऐकू येत नाही."

कोपऱ्यावरचा टेम्पो ओळखणारी बाई. मी काही बोलणार, तेवढ्यात आत कॉट करकरली. थोड्या वेळाने खिडकीच्या गजांमागे काकांचा चेहरा आला. दाढी वाढलेली, एका बाजूने ओघळलेला. ते उठून बसले होते.

"जाळ बसू दे," ते म्हणाले. "मग... ठेव."

तिथून शिकवणी सुरू झाली. काका गजांमागून सांगत, काकू अंगणात करी. आणि ती खरोखरच शिकत होती, ते सोंग नव्हतं. कोळशाचा काळा रंग जाऊन वर राखेची पांढरी साय धरेपर्यंत वाट बघायची. निखारे सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत, एका अंगाला लोटायचे आणि दुसरं अंग रिकामं ठेवायचं, म्हणजे जळायला लागलेली वस्तू सरकवायला जागा राहते. चरबी पडून जाळ उठला तर पाणी मारायचं नाही, वारा घालायचा नाही, नुसती वस्तू हलवायची. तळहात जाळीच्या वर धरून बघायचं, किती वेळ सोसतंय. पटकन मागे घ्यावासा वाटला तर मांस, थोडा टिकला तर मासे, सुखाने टिकला तर वांगी.

सगळ्यांत अवघड धडा उलटण्याचा. काकूचा हात सारखा चिमट्याकडे जाई.

"नको," काका म्हणत. "लोखंड... सोडेल. मग."

म्हणजे वस्तू भाजून तयार झाली की ती जाळीला धरून राहत नाही, आपणहून सुटते. तोपर्यंत ओढाताण केली तर अर्धी जाळीवर राहणार. हे ऐकून मला वाटलं, हा धडा काकूसाठी नाही, माझ्यासाठी आहे. मी तर पहिल्या क्षणापासून सगळं उलटत आलेय.

काकूचं भाजणं सुधारलं. वांगी मऊसूत उतरायला लागली, कांद्यांना गोडी आली. गवंडीमामांनी एकदा स्वतःहून लिंबं आणली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही आणलं म्हणून आम्ही ती कापायच्या आधी थोडा वेळ बघत बसलो. काकांचं बोलणंही जरा सुटत चाललं होतं. पण ते खिडकीशी येत आणि तिथेच थांबत. खिडकी ते अंगण एवढं अंतर काही तुटत नव्हतं. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, चेंडू तसाच कॉटखाली. गवंडीमामा आले की चेहरा गजांमागून नाहीसा होई. लोकांनी आपल्याला असं बघावं, हे त्यांना नको होतं.

डॉक्टरीणबाई एके दिवशी हात तपासून बाहेर आल्या आणि काकूला म्हणाल्या, "बोलणं छान आहे. पण हात तिथेच आहे. दिवस हातातून चाललेत." काकूने मान हलवली. त्या गेल्यावर तिने मशीनवर बसून एका कव्हराला टीप घातली, उसवली, पुन्हा घातली. तिला टीप उसवताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती कुणाला सांगायची तिला सवय नव्हती.

त्याच्या पुढच्या सुट्टीला सकाळी मी तोंड धुवायला मागे आले आणि किंचाळायचीच राहिले. काकू नळाखाली बसली होती. शेजारी वाळू, साबणाची वडी, तारेचा ब्रश. आणि तिच्या मांडीवर काकांची जाळी. काळी कुळकुळीत जाळी आता नव्या वाटीसारखी चकचकत होती. सळ्यांवर सकाळचं ऊन चमकत होतं.

"काकू, काय केलंस हे?"

"कळकट दिसत होती," ती म्हणाली. "पाहुणे येतात. बरं दिसत नाही."

इतक्या वर्षांचा तेलाचा थर, जो काकांनी कधी पाण्यानेसुद्धा धुतला नव्हता, फक्त अर्ध्या कांद्याने पुसत आले होते, तो मोरीत वाहून गेला होता. मी तिला वाट्टेल ते बोलले. एवढे दिवस शिकून हेच शिकलीस का, असंही म्हणाले. तिने ऐकून घेतलं, जाळी शेगडीवर चढवली, निखारे लोटले आणि मासे ठेवले.

मासे चिकटले. असे चिकटले की चिमटा लावला तर कातडं जाळीवर आणि काटे हातात. काकू एकेक तुकडा खरवडून काढत होती आणि मोठ्याने म्हणत होती, "सुटत कसे नाहीत हे? लोखंड सोडत कसं नाही?" एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

खिडकीत काका आले. त्यांनी ती चकचकीत जाळी पाहिली. आधी त्यांना कळलंच नाही बहुतेक. मग चेहरा लाल झाला.

"जाळी," ते ओरडले. "माझी जाळी... कुणी... घासली?"

"मीच," काकू म्हणाली. "स्वच्छ केली."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावणार, तर काकूने माझं मनगट धरलं. घट्ट. ताडपत्रीतून सुई ओढणारा हात आहे तो. भिंतीला घासत, पाय ओढत काका स्वयंपाकघरातून आले आणि उंबरठ्यावर उभे राहिले. तिथे क्षणभर थांबले. त्यांनी जाळीकडे पाहिलं, मग काकूकडे पाहिलं. काकू खाली मान घालून मासे खरवडत होती. मग त्यांनी पाय उचलला आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा ते अंगणात उतरले.

त्या दिवशी त्यांनी तिला जे काही ऐकवलं, त्यात एका दमात म्हटलेली अख्खी वाक्यं होती. गवंडीमामा कुंपणावरून ऐकत उभे होते, आणि शिव्या ऐकून कुणाला इतका आनंद झालेला मी पाहिला नाही.

जाळी पुन्हा तयार करायची तर सोपं नसतं. सळीला तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, तापवायची, निवू द्यायची, पुन्हा तेल, पुन्हा विस्तव. कितीतरी वेळा. काकूने फडकं घेतलं तर काकांनी ते हिसकावलं. "तू... हात लावू नकोस." खुर्चीवर बसून त्यांनी जाळी मांडीवर घेतली. डाव्या हाताने ती धरून ठेवली, मग फडकं कशाने फिरवणार? उजव्या हाताच्या वळलेल्या बोटांत त्यांनी ते कोंबलं. फडकं पडलं. मी उचलायला वाकले, तर काकू म्हणाली, "तुझं दूध उतू जातंय." दूध उतू जात नव्हतं. मी आत जाऊन परत येईपर्यंत फडकं काकांच्या बोटांत होतं आणि एका सळीवरून हळूहळू सरकत होतं.

रोज सकाळी ते बाहेर येऊन बसू लागले. सळी सळी पुसत. पहिल्या दिवसांत दोन सळ्या झाल्या की दमत. मग फडकं पडणं कमी झालं. जाळी तपकिरी झाली, मग काळपट, आणि बोटं तिच्याबरोबर मोकळी होत गेली. डॉक्टरीणबाईंनी कॉटखालचा चेंडू स्वतःच उचलून पिशवीत टाकला. "याची गरज दिसत नाही," म्हणाल्या.

आता सुट्टीच्या दिवशी अंगण पुन्हा भरतं. काका शेगडीजवळच्या खुर्चीत बसतात, चिमटा काकूच्या हातात असतो. परवा गवंडीमामांसाठी ठेवलेल्या तंगडीकडे बोट दाखवून काका म्हणाले, "उलट." काकूने तळहात जाळीवर धरला. "अजून सोडलं नाही लोखंडाने," ती म्हणाली आणि उलटली नाही. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बोट मागे घेतलं. तिचंच बरोबर होतं.

सगळे पांगल्यावर काका अर्धा कांदा घेऊन जाळी पुसत होते, उजव्या हाताने. काकू आत चहा करत होती. मी शेजारी ताटल्या गोळा करत होते, आणि माझ्या मनातला जुना राग अजून गेला नव्हता.

"काका, काकूचं नवल वाटतं हो," मी म्हणाले. "बाकी सगळं कळतं तिला. लोखंड घासायचं नसतं एवढं कळू नये?"

काका पुसत राहिले. मग सावकाश म्हणाले, "तिचा तवा... एकदा साबणाने घासून बघ."

माझ्या हातातल्या ताटल्या तशाच राहिल्या. दोन दिवस न बोललेली काकू मला आठवली. उघडी खिडकी आठवली, ऐकू न येणं आठवलं, मनगट धरलेला हात आठवला. मला रडूच आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. उंबरठ्यावर."

"मग ओरडलात कशाला तिला एवढं?"

काकांनी कांदा फिरवून घेतला, दुसऱ्या सळीला लावला.

"तिने माझी जाळी... खरवडून टाकली," ते म्हणाले. "मी काय नुसता... परत आत जाऊ?"

आतून काकूचा आवाज आला, नेहमीसारखा, हळू. "काय बोलताय दोघं? इथून ऐकू येत नाही."

"काही नाही," काका म्हणाले. "चहा आण."

काकूने चहाचे पेले आणून उंबरठ्यावर ठेवले. काका खुर्चीचा हात धरून उठले आणि ते घ्यायला गेले.